म्हशीची परवानगी

आता जे सांगणार आहे ते ऐकताना सर्वांनी कृपया पाठ सरळ करून बसावं. ज्यांच्या हातात चहाची बशी असेल त्यांनी ती खाली ठेवावी. विषय अत्यंत गंभीर आहे. आमच्या घराण्यातली एक बाई, कुणाचंही लग्न नसताना, कुणीही वारलेलं नसताना आणि कोणत्याही देवाला नवस बोललेला नसताना, घराबाहेर दोन मुक्काम करून आली. आमच्या घराण्याच्या माहीत असलेल्या इतिहासात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. त्यासाठी बऱ्याच जणांची परवानगी घ्यावी लागली, आणि त्यातली शेवटची आणि सर्वांत कडक परवानगी एका म्हशीची होती.

ही बाई म्हणजे माझी काकू. ठिकाण म्हणजे मेळघाट, सातपुड्यातला व्याघ्र प्रकल्प आणि त्याच्या पोटातलं राष्ट्रीय उद्यान. आणि काळ म्हणजे हिंगोली जिल्हा परभणीतून फुटून नवा नवा झाला होता, त्या सुमाराचा. आमचं गाव गोरेगावच्या जवळ. आई-वडील नोकरीमुळे हिंगोलीला राहायचे आणि मी बी.कॉम. होऊन गावी काका-काकूंकडे राहायला आलो होतो. सांगायला मी शेतात मदत करत होतो. प्रत्यक्षात ओसरीवर बसून घरातल्या माणसांच्या आयुष्यात नाटकं उभी करणं हा माझा पूर्ण वेळचा धंदा होता. काकूच्या दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या होत्या. घरात काका, काकू आणि मी, गोठ्यात एक म्हैस आणि तिची वगार, म्हणजे मादी रेडकू. एवढीच पात्रं.

सुरुवात केली माझ्या मित्रानं. तो शेजारच्या तांड्यावरचा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख फिरायचे. हा जीपमध्ये माणसं लादून गोरेगाव ते सेनगाव फिरायचा. लादण्याची पद्धत तीच होती, बैल तेवढे गेले होते. एकदा काही मास्तर लोकांना घेऊन तो मेळघाटात जाऊन आला, आणि आल्या आल्या आमच्या ओसरीवर चहा पीत सांगू लागला. अस्वल सांगितलं, सांबर सांगितलं, न दिसलेला वाघ तर सगळ्यात रंगवून सांगितला. काकू चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

मग तो म्हणाला, "आन् काकू, तिकडं गवा असतो. रानगाय म्हना ना. घोड्याएवढी उंच. पाय गुडघ्यापर्यंत पांढरेफट, मोजे घातल्यावानी. गळ्यात दावं न्हाई, कुनाचा खुंटा न्हाई, कुनाच्या गोठ्याचं नाव न्हाई."

भाकरी थापायचा आवाज थांबला.

"तिची धार कोन काढतं मंग?" काकूनं विचारलं.

मित्र हसला. "कोन काढील वो? जवळ जाईल त्याला शिंगावर घेईल ती."

"कोनीच न्हाई?"

"कोनीच न्हाई."

काकूनं भाकर तव्यावर टाकली आणि त्या संध्याकाळी ती करपली. आमच्या घरात ही घटना लक्षात ठेवण्यासारखी होती. काकूची भाकर करपत नसे.

दुसऱ्या दिवशी गोठ्यातून दूध घेऊन येताना ती मला हळूच म्हणाली, "त्या गायीकडं जायाला किती वेळ लागतो रे?"

मला दुसरं काय पाहिजे होतं? त्याच रात्री जेवताना मी ताट बाजूला सारलं, घसा साफ केला आणि घोषणा केली की हळद वाळून पोत्यात गेली की काकू मेळघाटला जाणार आहे.

काका जेवत होते. काकांबद्दल आधी सांगतो. गावात कुणाचं बांधावरून वाजलं, कुणाच्या पोरानं कुणाची मोटार बंद पाडली, की माणसं आमच्या ओसरीवर यायची. काका मिशीवरून हात फिरवत दोन्ही बाजू ऐकायचे आणि मग एकच वाक्य बोलायचे. ते वाक्य दोन्ही बाजूंना मान्य असायचं. का मान्य असायचं हे कुणी विचारत नसे. तर काकांनी घास गिळला आणि म्हणाले, "काहून?"

या 'काहून'चं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आमच्या भागात बाईमाणूस घराबाहेर जातं ते लग्नाला, मयताला, बाळंतपणाला नाहीतर देवाला. हे चारही रस्ते रुळलेले. 'नुसतं बघायला' नावाचा पाचवा रस्ता कुणी पाडलेलाच नव्हता. मी पटकन म्हणालो, "काका, तिथं डोंगरात एक देवी हाय. लई जागृत."

"कोनती?"

मी देवीचं नाव शोधत होतो, तेवढ्यात काकूच म्हणाली, "देवाचं नाव नगं घेऊ. मला गाय पाहायची हाय."

काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं वकिलाला सोडून स्वतःच गुन्हा कबूल करणाऱ्या पक्षकाराकडे न्यायाधीशानं बघावं.

पुढचे काही दिवस वाटाघाटी चालल्या. काका थेट नाही म्हणत नव्हते. थेट नाही म्हणणं त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. ते मध्यममार्ग काढायचे. पहिला मध्यममार्ग असा: हिंगोलीहून तेव्हा छोटी रेल्वे अकोला, अकोट करत त्याच डोंगरातून पलीकडे खांडव्याला जायची. "रेल्वे जंगलातूनच जाते," काका म्हणाले. "हिंगोलीला बसायचं, खिडकीतून पाहायचं, उलट्या गाडीनं परत यायचं. मुक्कामाची तकलीफ न्हाई."

"गाय काय फलाटावर उभी राहती व्हय?" काकू म्हणाली.

दुसरा मध्यममार्ग असा की मी एकट्यानं जावं, नीट बघावं आणि आल्यावर काकूला सांगावं. "हा सांगतो बराबर," काका म्हणाले. "जे झालं न्हाई तेबी सांगतो." माझ्या कलेची घरात झालेली ही एकमेव दखल. काकूनं तोही फेटाळला.

शेवटी काकांनी ओसरीवरच्या त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसून, मिशीवरून हात फिरवून निकाल दिला. "जा. माझी ना न्हाई. म्हशीचं काय ते पाहा आन् जा."

निकाल ऐकून काकू उठून गोठ्यात गेली. मला आधी वाटलं आपण जिंकलो. मग माझ्या लक्षात आलं की काकांनी दाराला कडी न लावता दार बंद केलं होतं.

ते कळण्यासाठी म्हशीची ओळख करून द्यायला हवी. दिसायला देखणी, शिंगं मागं वळलेली, दूध घट्ट. आमच्या घरचं भागून उरलेलं दूध स्टँडवरच्या हॉटेलात जायचं आणि तिथला चहा त्या दुधावर टिकून होता. पण ही म्हैस काकूशिवाय कुणाच्याही हाताला दूध देत नव्हती. दुसरं कुणी बसलं की ती दूध चोरायची. चोरायची म्हणजे कास भरलेली, सड ताठलेले, आणि थेंब नाही. जास्त नेट लावला तर लाथ. दोन वेळा धार निघाली नाही तर कास दगडासारखी व्हायची, आणि आणखी राहिली तर म्हैस आटणार हे नक्की. त्यामुळे ती घरात आल्यापासून काकूनं बाहेर मुक्काम केला नव्हता. पाहुण्यांच्या लग्नाला ती सकाळची धार काढून निघायची, अक्षता टाकायची आणि पंगत बसायच्या आत परतीची जीप पकडायची. सख्ख्या भाच्याच्या लग्नाचे लाडू तिनं गोरेगावच्या स्टँडवर उभ्यानं खाल्ले होते. लोकांना ती मायाळू वाटायची, पण थांबत नाही म्हणून थोडी शिष्टही वाटायची.

मग सुरू झाली मेळघाटच्या सहलीची खरी तयारी. लोक अशा वेळी गाडी ठरवतात, राहायची सोय बघतात. ते सगळं मित्रानं एका दिवसात करून टाकलं होतं. आमची तयारी गोठ्यात चालली होती.

पहिला प्रयत्न माझा. मी बसलो, म्हशीनं मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं, आणि दुधाची चरवी गोठ्याच्या दारातून बाहेर गेली. मग मला एक सुचलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी बायकांची कामं केली होती आणि त्यातल्या एका कामाला वन्समोअर मिळाला होता. मी काकूचं लुगडं नेसलो, पदर डोक्यावरून घेतला, काकूच्या चालीनं, थोडं डाव्या पायावर जोर देत, गोठ्यात शिरलो. कामात मी कुठं कमी पडलो असं मला आजही वाटत नाही. पण म्हैस दर्दी नव्हती. या वेळी चरवीबरोबर मीही बाहेर आलो.

काकू दारात उभी होती. म्हणाली, "लुगड्यानं काय व्हतंय? अंगाला साबनाचा वास मारून राहिला तुझ्या. तिला गोठ्यातलं मानूस लागतं."

गोठ्यातलं माणूस म्हणजे आता घरात काका सोडून कुणी उरलं नव्हतं. सकाळी सरकीची ढेप भिजवून ठेवणं, पाणी पाजणं, शेण काढणं ही कामं काकाच करायचे. मी हा मुद्दा काढला तेव्हा काका हसले. म्हणाले, "मी काहून बसू? मला कुठं जायचंय?"

इथं माझा मित्र कामाला आला. तो जीप उभी करून पाणी प्यायला आला होता. तो अगदी भोळ्या चेहऱ्यानं म्हणाला, "राहू दे रे. काकांना का त्रास? म्हैस वळखत न्हाई काकांना."

"कोन म्हनतं?" काका.

"न्हाई म्हंजे, गाव ऐकतं तुमचं. म्हशीचं येगळं असतं."

काकांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा ते गोठ्यात म्हशीशेजारी उकिडवे बसलेले होते, मांडीत चरवी, आणि चरवीत काहीही नाही. "माझ्या हातची ढेप खाती," ते मला न बघता म्हणाले, "आन् मलाच चोरती." एवढ्या वर्षांत त्यांचा निकाल न मानणारा हा पहिलाच पक्षकार होता.

म्हणून लुगडं नेसायचं काकांनी स्वतःच ठरवलं. मी सुचवलं नाही. मी फक्त लुगडं आणून जवळ ठेवलं. गोठ्याचं दार आतून लावलं, ओसरीवर कुणी नाही याची खात्री केली. काकूनं स्वतः त्यांना नेसवलं. निऱ्या काढताना तिच्या तोंडावर काही नव्हतं. एवढंच म्हणाली, "पदर खाली धरा जरा. मिशी दिसून राहिली."

इथं धार कशी काढतात ते सांगणं भाग आहे. आधी वगार सोडायची. ती आईच्या कासेला ढुशा देते, सड तोंडात घेते, आणि म्हैस पान्हा सोडते. पान्हा सुटला की वगारीच्या गळ्यातलं दावं धरून तिला ओढायची, खुंट्याला बांधायची आणि चरवी घेऊन आपण बसायचं. वगार मान लांब करून, तोंडाला फेस, जीभ बाहेर, ओढ घेत राहते. तिच्यासाठी एक सड राखतात, पण तो नंतर. हे ओढायचं काम काकू कुणाला करू देत नसे आणि स्वतः करताना तोंड भिंतीकडे करायची. "पुरं झालं माय, पुरं झालं," म्हणत ओढायची.

तर काका लुगड्यात बसले. म्हशीनं लुगडं हुंगलं. लुगड्याचा वास ओळखीचा, आतल्या माणसाचा वासही ओळखीचा. लाथ मारली नाही, चांगली उभी राहिली, रवंथ करू लागली. काकांनी सडाला हात घातला. काही नाही. दुसरा सड. काही नाही. म्हैस कशाची तरी वाट बघत असल्यासारखी कान हलवत होती.

ते कान बघून मला उलगडलं. काकू धार काढताना बोलायची. सगळ्यांना माहीत होतं की ती गोठ्यात पुटपुटते. अंगणात ते एका सुरात ऐकू यायचं आणि धारेच्या आवाजात मिसळून जायचं. पण ती काय बोलते हे आमच्यापैकी कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"काय बोलती तू हिच्याशी?" काकांनी विचारलं.

"काय न्हाई. घरचंच आपलं."

"सांग ना मंग. मला म्हनावं लागंल."

"मी न्हाई सांगत," काकू म्हणाली. "तिला सांगितलंय ते तिच्यापाशी."

मग त्या संध्याकाळी काकू धारेला बसली आणि गोठ्याच्या कुडामागं, कडब्याच्या आडोशाला, दोन पुरुष उभे राहिले. एक बी.कॉम. आणि एक गावाचा न्यायाधीश. काकूला हे माहीत नव्हतं असं मी शपथेवर सांगणार नाही. तिचा आवाज नेहमीपेक्षा थोडा मोठा होता.

"मीठ कमी म्हनले आज," ती म्हशीला सांगत होती. "न्हवतं कमी. मी खाल्लं की. त्यांचीच जीभ जाड झालीय त्या तंबाखूनं. सांगून काय करू? परवा पाच पाहुने आनले, जेवायच्या टायमाला. आधी सांगावं का न्हाई? तूच सांग. आन् कप. प्यायला तिथंच ठेवायचा. पाय मोडलेत का? भाच्याच्या लग्नात समदे म्हनत व्हते, थांब आत्या, एक रात थांब. थांबले न्हाई. तुझ्यापायी. तुला बोल न्हाई लावत मी. तुझं बरं हाय, तू तरी पावसाळ्यात रानात जाऊन येती."

आणि चरवीत दूध वाजत होतं, सर्र सर्र, एका लयीत.

काका कडब्याला हात टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही, कारण अंधार पडत आला होता आणि मला हसू आवरत नव्हतं. रात्री जेवताना त्यांनी भाजीत मीठ कमी आहे असं म्हटलं नाही. जेवण झाल्यावर ताट मात्र जागेवरच ठेवलं. नंतर उठले, परत आले आणि ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. तिथून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. सवय नव्हती.

सकाळी काका पुन्हा लुगड्यात. मी दाराच्या फटीशी. काकू चुलीपाशी, कान इकडे. काकांनी वगार सोडली, ओढली, बांधली, आणि घसा खाकरून सुरू केलं. पण आवाज ओसरीवरचा निघाला. "मीठ कमी म्हणण्यात आलं," असं काहीतरी ते म्हणाले. म्हशीचे कान हललेही नाहीत.

"काका, कोर्टात न्हाई बसले तुमी," मी फटीतून म्हणालो. "जरा खालच्या सुरात घ्या. रडगाणं असतं ते."

काकांनी मला एक शिवी दिली, ती इथं देत नाही. मग ते खाली वाकले, कपाळ म्हशीच्या पोटाला टेकलं, काकू टेकायची तसं, आणि बारीक आवाजात बोलू लागले. "मीठ कमी म्हनले... न्हवतं कमी. जीभ जाड झालीय त्या मानसाची." थोडं थांबले. "कप जागेवर ठेवतो. पाच पाहुने आनतो. सांगत न्हाई. कवा सांगत न्हाई." आणि हळूहळू गाडी उताराला लागल्यासारखं झालं. काकूनं न सांगितलेलंही येऊ लागलं. "पोरींच्या लग्नात बस्ता त्यानंच पसंत केला, तिला इचारलं न्हाई. पावसात गोवऱ्या भिजल्या तवा खाटेवर बसून सांगत व्हता, उचल, उचल. तुझं बरं हाय. तू तरी पावसाळ्यात रानात..."

वाक्य पुरं व्हायच्या आत चरवीत पहिली धार वाजली.

यात म्हशीला काही समजलं असं मी म्हणणार नाही. तिला एक लय हवी होती, ती मिळाली. बाकी अर्थ लावायला मी त्या वेळीही तयार नव्हतो, आताही नाही.

काका त्या लयीत पुढे बोलत राहिले आणि दूध येत राहिलं. तेवढ्यात मागच्या दारानं माझा मित्र थेट गोठ्यात आला. मी पुढचं दार सांभाळत होतो, मागचं विसरलो होतो. त्याला दिसली ती लुगड्यातली पाठ आणि डोक्यावरचा पदर.

"काकू, मंग कधी निघायचं?" त्यानं विचारलं.

काकांची लय तुटली असती तर दूध थांबलं असतं. त्यांनी मान वळवली नाही. धार काढत, त्याच बारीक सुरात ते म्हणाले, "परवा."

"बराबर पाचला येतो. काका काही म्हनले तर?"

"काही म्हनत न्हाईत ते," काका म्हणाले.

मित्र जायला वळला, आणि मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, त्यानं पुढे वाकून पदराखाली बघितलं. मिशी होती. तो सरळ उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "राम राम, काका." त्याच्या बाजूनं सांगतो, त्यानं हे गावात कुणाला सांगितलं नाही. ते काम माझ्याकडे होतं.

निघायच्या दिवशी काकूनं धपाटे, शेंगाची चटणी आणि इतकं पाणी घेतलं की आम्ही जंगलात नव्हे, वाळवंटात जातोय असं वाटावं. सकाळची धार काकांनीच काढली. ती जीपमध्ये बसली तेव्हा काका ओसरीवर उभे होते, लुगड्यात नव्हे, धोतरात.

"खिडकीबाहेर हात नको ठेवू," ते म्हणाले.

"वगारीला लई जोरात वढू नका," काकू म्हणाली.

निरोप संपला.

गोरेगावच्या स्टँडवर जीप थांबली. मित्र खाली उतरला आणि सवयीनं दार धरून ओरडायला लागला, "चला मेळघाट, मेळघाट, मेळघाट! दोन शीट, दोन शीट!" मी त्याला आत ओढलं, पण तोवर एक म्हातारा आणि त्याची शेळी मागं चढून बसली होती. गाडी पूर्ण भरल्याशिवाय त्याच्या हातून गिअर पडतच नव्हता. म्हातारा वाशीमला उतरला. शेळी तिथपर्यंत काकूचं एक धपाटं खाऊन गेली.

परतवाड्याला संध्याकाळ झाली. काकूनं एसटीडी बूथ शोधायला लावला आणि आमच्या स्टँडवरच्या हॉटेलवाल्याला फोन लावला. आयुष्यातला तिचा पहिलाच लांबचा फोन असावा. ती ओरडून बोलत होती आणि पलीकडूनही ओरडूनच उत्तर येत होतं, त्यामुळे सगळं बोलणं बूथभर कळलं.

"दूध आलं का?"

"आलं, काकू. रोजच्यापेक्षा जास्त हाय आज."

काकूनं फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितलं. मग ठेवला. "जास्त म्हनतो," ती म्हणाली आणि घाट चढून सेमाडोहला मुक्कामाला पोचेपर्यंत तेच आणखी दोनदा म्हणाली. काकांजवळ सांगायला बरंच साचलेलं असणार. पण तिला ते लागलेलं दिसत होतं, आणि तिच्या जागी कुणालाही लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जंगलात शिरलो. गाईडनं आधी ताकीद दिली: कुणी बोलायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही, जनावर दिसलं तरी आवाज करायचा नाही. काकूनं पदराचं टोक दातात धरलं. हरणं दिसली. काकूनं माझ्या कानात कुजबुजून मत दिलं की असली आपल्याकडंही आहेत, तूर खातात. सांबर दिसलं. ती गप्प. मोर, रानडुक्कर, झाडावर अस्वलाची नखं. ती गप्प. ऊन चढलं. गाईड म्हणाला आता परत फिरू. काकूनं पदर सोडला नाही, पण तिची नजर माझ्याकडे वळली. एवढ्या वर्षांचा एकच प्रवास, लुगडं नेसलेला नवरा, जास्त दिलेलं दूध, आणि गाय नाही.

तेवढ्यात मित्रानं तिच्या खांद्याला बोट लावलं.

वळणाच्या खाली, नाल्यात साचलेल्या पाण्यावर ते उभे होते. आधी काळा नर, भिंतीसारखा. त्याच्या मागे चार-पाच माद्या, आणि खरोखरच सगळ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. गाडी बंद केली. कुणी हलेना. एक मादी थोडी अलीकडे आली. तिच्या पोटाखाली तांबूस रंगाचं वासरू होतं. त्यानं ढुशी दिली, सड तोंडात घेतला आणि प्यायला लागलं. एक सड सोडून दुसरा. दुसरा सोडून तिसरा. शेपूट हलत होतं, तोंडाला फेस आला होता, फेस जमिनीवर पडत होता. गाय समोरचं गवत खात होती. तिचं मागं लक्षच नव्हतं.

काकूचा उजवा हात गाडीच्या कडेवर होता. मी बघितलं, त्याची बोटं मिटत होती, उघडत होती, दावं धरतात तशी. वासरू पीतच होतं. कुणी आलं नाही. काकूनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, नाल्याच्या वर, झाडांच्या मागे, कुणीतरी येईलच असं. मग तिच्या दातातून पदर सुटला, आणि गाईडची ताकीद, जंगलाचा कायदा, सगळं विसरून ती गोठ्यात बोलायची त्याहून दुप्पट आवाजात ओरडली,

"आगं बाई, पिऊनच राहिलं की! हिच्या लेकराला वढाया कोनीच न्हाई का वो?"